गुरुवारी मोडायचे सहा राऊटर

सकाळी ६.००

पुण्यात गुरुवार हा वीज-पाण्याच्या दुरुस्तीचा वार. महावितरणचा मेसेज आलेलाच आहे: दहा ते दोन वीज नाही. माझी साप्ताहिक सुट्टीही गुरुवारचीच. एनओसीत, म्हणजे लोकांच्या लिंका चोवीस तास राखत बसायच्या खोलीत, शनिवार-रविवार सहसा कुणाच्या वाट्याला येत नाही, त्यामुळे त्याची तक्रार नाही. पण लॅबचं जड काम दहाच्या आत उरकायला हवं.

भाचा काल रात्रीच कराडहून आलाय. कॉम्प्युटरचा डिप्लोमा झाला, पॅकेट ट्रेसरवर भरपूर खेळून झालं, आता मुलाखती सुरू आहेत. "मावशी, मला घरच्या घरी लॅब उभी करून दे," अशी त्याची मागणी. करून देणार नाही, तुझ्याकडून करून घेईन, असं मी आधीच बजावलंय.

६.३०

चहा उरकून नवा आणलेला जुना डेस्कटॉप उघडला. तपकीर गल्लीतला, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, चार कोरचा, पण रॅम ३२ जीबी. लॅबसाठी मशीन घेताना लोक प्रोसेसर बघतात. बघायची असते रॅम. राऊटर बराच वेळ नुसता बसून असतो, त्यामुळे प्रोसेसर सगळ्यांत वाटून घेता येतो. रॅम मात्र ज्याने धरली त्याची. सिस्कोच्या सीएसआर १०००व्ही या राऊटरची नवी आवृत्ती एकटीच ४ जीबी मागते. उलट, दोन टोकांना नुसतं पिंग मारायला ठेवायचा व्हीपीसीएस नावाचा खोटा पीसी २ एमबीत भागवतो.

बायॉसमध्ये शिरले तर इंटेलचं व्हर्च्युअलायझेशन बंद. ऑफिसात वापरलेल्या मशीनवर ते चालू करायच्या भानगडीत कुणी पडलेलं नसतं. चालू केलं आणि उबुंटू टाकायला लावलं. लिनक्सच्या कर्नलमध्ये केव्हीएम २००७ पासून आहे, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. विंडोजवरही हे जमतं, पण तिथे मेमरी इंटिग्रिटी नावाची सुरक्षा चालू असेल तर आभासी मशीनच्या पोटात आणखी एक आभासी मशीन चालवताना रडारड होते. पोरं दिवसभर बायॉसमध्ये शोधत बसतात, आणि दुखणं विंडोजच्या सेटिंगमध्ये असतं.

७.१५

उबुंटू चढेपर्यंत भाच्याचा आवडता प्रश्न: "पॅकेट ट्रेसर असताना हे सगळं कशाला?"

पॅकेट ट्रेसर वाईट नाही. सुरुवात करायला त्याच्यासारखं सोपं दुसरं काही नाही, आणि फुकट आहे. पण ती नक्कल आहे. राऊटर कसा वागतो ते कुणीतरी प्रोग्राममध्ये लिहून ठेवलंय, आणि जे लिहायचं राहिलं ते तिथे घडतच नाही. खऱ्या राऊटरमध्ये खरं सॉफ्टवेअर चालतं आणि त्याचे खरे दोषही असतात.

२००५ मध्ये ख्रिस्तोफ फियो यांनी डायनामिप्स लिहायला घेतलं तेव्हा त्यांनी राऊटरचं वागणं लिहिलं नाही, सिस्को ७२०० चं हार्डवेअरच सॉफ्टवेअरमध्ये उभं केलं आणि त्यावर सिस्कोचं खरं आयओएस चढवलं. त्यातून एक गमतीदार अडचण निघाली. आयओएस लिहिताना प्रोसेसर आपल्या एकट्याचाच आहे असं गृहीत धरलेलं, म्हणून काम नसलं तरी ते एका जागी गोल गोल फिरत राहतं. एक राऊटर चालू केला की लॅपटॉपचा पंखा किंचाळायला लागायचा. मग आयडल-पीसी नावाचा आकडा शोधून द्यावा लागे: आयओएस कोडमधल्या या पत्त्याशी घोटाळताना दिसलं की समज ते रिकामं बसलंय, त्याला झोपव. आमच्या पिढीतले कितीतरी जण त्या आकड्याच्या शोधात रात्री जागलेत. जीएनएस३ त्याच डायनामिप्सला चित्राचा चेहरा देत पुढे आलं. आज त्याच चित्रात केव्हीएमची मशीनं आणि डॉकरचे कंटेनर ओढून ठेवता येतात, पंखा शांत असतो.

इमेज, म्हणजे राऊटरचं सॉफ्टवेअर, कुठून आणायची यावर मी कडक आहे. टेलिग्रामवर हव्या त्या कंपनीच्या इमेजी फिरतात. त्या चोरीच्या असतात, आणि आत कुणी काय घालून ठेवलंय ते देवाला माहीत. सिस्कोचंच हवं असेल तर त्यांच्या सिस्को मॉडेलिंग लॅब्जची पाच नोडपर्यंतची मोफत आवृत्ती आहे. मायक्रोटिकचा सीएचआर फुकट मिळतो, फक्त प्रत्येक इंटरफेसला १ एमबीपीएसची मर्यादा. शिकायला ती आड येत नाही. आज आम्ही एफआरआर घेणार. कुनिहिरो इशिगुरो यांच्या झेब्रापासून क्वागा निघाला आणि २०१७ मध्ये क्वागापासून एफआरआर. पूर्ण खुला आहे, डेटा सेंटरमधल्या खऱ्या स्विचांवर चालतो, आणि त्याच्या कमांड सिस्कोच्या वळणाच्या असल्याने बोटांना नव्याने काही शिकवावं लागत नाही. कंटेनरमध्ये एका राऊटरला पाव जीबीसुद्धा लागत नाही.

८.३०

भाचा स्क्रीनवर राऊटर ओढून ठेवायला लागला होता. थांबवलं. आधी वही.

आरएफसी १९१८ ने १९९६ मध्ये पत्त्यांचे तीन पट्टे खासगी वापराला काढून दिले: १० ने सुरू होणारा सगळा, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. पहिला माझ्या ऑफिसच्या व्हीपीएनने व्यापलाय, तिसरा घरच्या वायफायने. राहिला मधला. लॅबला घरच्याच वायफायचा पट्टा दिला की पॅकेट भलतीकडे जातं आणि संध्याकाळपर्यंत कुणाला काही कळत नाही.

राऊटरना आर१, आर२ अशी नावं द्यायची मला आवडत नाही. तासाभराने आर४ कुठला ते आठवत नाही. आमचं कडं असं: पुणे १, सातारा २, कराड ३, कोल्हापूर ४, सांगली ५, पंढरपूर ६ आणि परत पुणे. लिंकचा पत्ता दोन टोकांच्या आकड्यांवरून: पुणे-सातारा १७२.१६.१२.०, सातारा-कराड १७२.१६.२३.०, सगळीकडे /३०. प्रत्येक राऊटरला स्वतःचा लूपबॅक: १७२.३१.०.१ पासून १७२.३१.०.६ पर्यंत. पत्ता पाहिल्याबरोबर गाव कळलं पाहिजे. रात्री तीन वाजता आउटेज कॉलवर वीस माणसं कानात ओरडत असतात, तेव्हा हीच शिस्त कामाला येते.

वहीच्या उजव्या पानावर मी एक रकाना आखून दिला: "काय होईल". कुठलीही कमांड मारायच्या आधी त्यात लिहायचं, मगच एंटर. भाच्याला ही शाळा वाटली. वाटू दे. एंटर मारून जे दिसलं ते "हो, बरोबर आहे" म्हणणं फार सोपं असतं. आधी लिहिलं असेल तर तशी पळवाट उरत नाही.

१०.०५

वीज गेली. डेस्कटॉप वेळेत शटडाऊन केला होता. यूपीएस आहे, पण तो वायफायच्या राऊटरपुरता. सासूबाईंचे व्हिडिओ कॉल थांबून चालत नाही. आता भाच्याच्या लॅपटॉपवर. ८ जीबी रॅम, पण सहा एफआरआरना ती सहज पुरते, आणि उबुंटू त्याने कॉलेजातच टाकून घेतलेलं.

"मावशी, राऊटर ओएसपीएफ ही कमांडच घेत नाहीये."

घेणार कशी? एफआरआरच्या डीमन्स या फाईलमध्ये प्रत्येक प्रोटोकॉलपुढे हो की नाही ते लिहावं लागतं, आणि तिथे ओएसपीएफडीपुढे "नो" होतं. ती फाईल मी त्याला दाखवली नव्हती. शोधायला वीस मिनिटं लागली, पण आता जन्मात विसरणार नाही.

१०.४०

सहाही राऊटरवर ओएसपीएफ, म्हणजे राऊटरांनी आपापसात वाटा ठरवायचा प्रोटोकॉल, उभं राहिलं. पहिला प्रश्न: पुण्याहून कोल्हापूरला पॅकेट कुठल्या वाटेने जाईल? कराडच्या पोराने क्षणाचाही विचार न करता लिहिलं, "सातारा, कराड." रोजचा हायवे. राऊटिंग टेबल उघडलं तर कोल्हापूरच्या लूपबॅकला दोन वाटा, एक साताऱ्याकडे आणि एक पंढरपूरकडे. राऊटरला हायवे माहीत नसतो. त्याला खर्च माहीत असतो, आणि दोन्ही बाजूंनी तीन-तीन उड्या, सारखाच खर्च. मग ओएसपीएफ दोन्ही वाटा ठेवतं. पंढरपूरकडच्या लिंकचा कॉस्ट दोन्ही टोकांना वाढवला तेव्हा कुठे वाहतूक साताऱ्यावरून गेली.

११.१५

भाचा पाणी प्यायला उठला तेवढ्यात मी सांगलीच्या राऊटरवर कोल्हापूरकडच्या इंटरफेसचा एमटीयू, म्हणजे पॅकेटचं कमाल माप, १५०० चा १४०० केला आणि ओएसपीएफ परत सुरू केलं.

"पिंग जातंय," तो म्हणाला, "पण नेबर फुल होत नाहीये. एक्सस्टार्टवरच लटकलाय."

"मग पिंग जाण्याला काय अर्थ?"

"लिंक चालू आहे असा."

"कुठल्या मापाच्या पॅकेटसाठी?"

इथे वायरशार्क लावायला सांगितलं. जीएनएस३ मध्ये लिंकवर उजवं क्लिक केलं की कॅप्चर सुरू होतो. खऱ्या फायबरवर हे सुख नाही. हॅलो दर दहा सेकंदांनी नीट जातायत-येतायत, कारण ती पॅकेटं चिमुकली. मग दोघं आपापल्या डेटाबेसची यादी एकमेकांना द्यायला बसतात, आणि त्या यादीच्या पॅकेटमध्ये पाठवणाऱ्याचा एमटीयू लिहिलेला असतो. कोल्हापूर म्हणतं १५००. सांगलीला १४०० च्या वर झेपत नाही, म्हणून ती ते पॅकेट टाकून देते. चकार शब्द न काढता. कोल्हापूर तेच पुन्हा पाठवतं, सांगली पुन्हा टाकते. स्क्रीनवर एकाच रंगाच्या त्याच त्या ओळी उतरत राहतात. भाच्याने त्यातलं एक पॅकेट उलगडून एमटीयूच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या बाजूच्या पॅकेटातही तोच रकाना शोधला. पुढचं मला सांगावं लागलं नाही.

सांगलीवरून १४७२ बाइटचं, तुकडे न करता पाठवायचं पिंग मारायला लावलं. १४७२, वर आठ आयसीएमपीचे, वीस आयपीचे, बरोबर १५००. लगेच उत्तर आलं: मेसेज टू लाँग, एमटीयू १४००. साध्या पिंगमध्ये मात्र ५६ बाइटच माल असतो. "पिंग जातंय म्हणजे लिंक ओके" हे वाक्य मी ऑफिसात रोज ऐकते आणि रोज माझा रक्तदाब वाढतो.

१२.४५

पिठलं-भाकरी. जेवताना राऊटिंग बोलायचं नाही हा सासूबाईंचा नियम, आणि तो बरा आहे.

१.३०

आता मोडायचं. वहीतला प्रश्न: पुण्याहून कोल्हापूरला सेकंदाला एक पिंग चालू आहे, सातारा-कराड लिंक मेली, किती पिंग पडतील? भाच्याने लिहिलं, "एक किंवा दोन."

लिंक मारायचे दोन मार्ग आहेत. कराडच्या राऊटरवर इंटरफेस शट केला तर कराडला तत्क्षणी कळतं, आणि कडं असल्यामुळे ती बातमी कोल्हापूर-सांगली-पंढरपूर करत मागच्या दाराने पुण्यात पोहोचते. एखादं पिंग पडतं, कधी तेही नाही. मी दुसरा मार्ग घेतला: लिंकवर फिल्टर लावून पॅकेट लॉस १०० टक्के. दोन्ही टोकांचे दिवे हिरवे, मधून काहीच जात नाही. भाड्याच्या लिंकवर असंच होतं. फायबर कुठेतरी जेसीबीने तोडलेली असते, पण आपल्या रॅकमधला राऊटर सर्व्हिस प्रोव्हायडरच्या डब्याला जोडलेला असतो आणि तो डबा हसतमुख.

पिंग थांबलं. भाचा मोजत बसला. दहा, वीस, तीस, "मावशी, हे मेलंय." छत्तीसनंतर पुन्हा उत्तरं यायला लागली.

ओएसपीएफ दहा सेकंदांनी हॅलो पाठवतं आणि चाळीस सेकंद काहीच ऐकू आलं नाही तर शेजारी मेला असं मानतं. मग छत्तीस का, चाळीस का नाही? हा प्रश्न त्याला स्वतःला पडला, आणि दिवसभरात मला सगळ्यात आवडलेला क्षण तोच. शेवटचा हॅलो येऊन काही सेकंद उलटल्यावर आपण लिंक मारली, तेवढे सेकंद आधीच जमा झालेले. म्हणजे तीस ते चाळीसमध्ये कुठेही. त्याने तीनदा मारून बघितलं, दर वेळी वेगळा आकडा, दर वेळी त्या पट्ट्यातच.

मग लिंक जिवंत आहे का ते सतत तपासणारं बीएफडी चालू केलं: एफआरआरमध्ये मुळातच ३०० मिलिसेकंदांना एक ठोका, तीन चुकले की संपलं. आता एकच पिंग पडलं. छत्तीस सेकंदांत बँकेच्या एटीएमपुढे केवढी रांग लागते हे मी त्याला हिशेबासकट ऐकवणार होते, पण त्याने आधीच वहीत पुढचा प्रश्न लिहिला होता: ठोका ५० मिलिसेकंदांवर आणला तर? आणून बघ म्हटलं. लॅपटॉप दमला, ठोके उशिरा पडायला लागले, आणि धडधाकट लिंक मेली-जगली करत राहिली. इथे लॅब खोटं बोलते. खऱ्या राऊटरमध्ये हे ठोके बरेचदा हार्डवेअर मोजतं. इथे सहा राऊटर एकाच प्रोसेसरसाठी भांडतायत. लॅबमधल्या मिलिसेकंदांवर आणि वेगाच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही. घटनांचा क्रम मात्र खरा असतो.

२.३५

वीज आली. दोन म्हणजे अडीच हे धरलेलंच होतं. डेस्कटॉपवर जीएनएस३ चा सर्व्हर, लॅपटॉपवर नुसतं चित्र, आणि बीजीपी, म्हणजे वेगवेगळ्या नेटवर्कांनी एकमेकांना रूट सांगायचा प्रोटोकॉल.

मला २४ फेब्रुवारी २००८ ची संध्याकाळ उभी करायची होती. यूट्यूबचा पट्टा होता २०८.६५.१५२.०/२२. पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी त्यातला २०८.६५.१५३.०/२४ आपल्याकडे वळवला, आणि तो रूट बाहेर गळला. त्यांच्या वरच्या वाहतूकदाराने, पीसीसीडब्ल्यूने, तो न तपासता जगभर पोहोचवला. राऊटर नेहमी जास्त नेमका पत्ता निवडतो, आणि /२४ हा /२२ पेक्षा नेमका. यूटीसी १८.४७ ला हे सुरू झालं. २०.०७ ला यूट्यूबने स्वतःही /२४ जाहीर केला, २०.१८ ला त्याहून नेमके दोन /२५, आणि २१.०१ ला पीसीसीडब्ल्यूने तो चुकीचा रूट मागे घेतला.

खरे पत्ते लॅबमध्येसुद्धा वापरायचे नाहीत ही माझी सवय. १९८.१८.०.०/१५ हा पट्टा चाचण्यांसाठीच राखीव आहे, त्यातला /२२ घेतला. चार राऊटर: मालक ६५००१, गळका ६५००२, मधला वाहतूकदार ६५००३, आणि बघणारा ग्राहक ६५००४.

सेशन उभं राहिलं, रूट मात्र एकही येईना. समरीमध्ये जिथे आकडा दिसायला हवा तिथे लिहिलेलं: पॉलिसी.

"मावशी, हे बिघडलंय."

बिघडलं नव्हतं. २०१७ च्या आरएफसी ८२१२ प्रमाणे, बाहेरच्या शेजाऱ्याकडून काय घ्यायचं आणि त्याला काय द्यायचं हे सांगितल्याशिवाय बीजीपीने काहीच घेऊ-देऊ नये. एफआरआर ते पाळतं. जुन्या इमेजींवर शिकलेल्यांना हा निव्वळ त्रास वाटतो. त्या संध्याकाळी पीसीसीडब्ल्यूच्या राऊटरांना असाच त्रास असता तर पुढचं कदाचित झालं नसतं.

आम्ही मुद्दाम सगळं मोकळं सोडणारा रूट-मॅप लावला, २००८ सारखा. गळक्यावर १९८.१८.१.०/२४ ब्लॅकहोल केला आणि बीजीपीत जाहीर केला. ग्राहकाकडून मालकाला जाणारं पिंग जागच्या जागी तुटलं. मालकावर सगळं हिरवंगार: राऊटर चालू, लिंक चालू, सेशन चालू, एरर एकही नाही. भाचा मालकाच्या स्क्रीनवर कारण शोधत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "इथे काही दिसणारच नाही ना?" मग ग्राहकाकडे जाऊन त्याने रूट पाहिला. दोन /२५ जाहीर केल्यावर पिंग परत आलं. वाहतूकदारावर प्रीफिक्स-लिस्ट लिहायला, म्हणजे गळक्याकडून फक्त त्याचाच पट्टा घ्यायला, चार ओळी लागल्या.

५.१५

त्याला लॅबमधून खरं इंटरनेट हवं होतं. जीएनएस३ चा नॅट नोड दिला आणि तिथेच थांबवलं. लॅब घरच्या वायफायला सरळ जोडायची नाही. आत एखादा डीएचसीपी सर्व्हर चालू राहिला तर तो टीव्हीलाही पत्ता वाटून मोकळा होतो, आणि घरात मालिका बंद पडली की लॅब कायमची बंद. ट्रेसराऊट मारल्यावर घराबाहेरची पहिली उडी १००.६४ च्या पट्ट्यात निघाली. केबलवाल्याने आम्हाला खरा पत्ता दिलेलाच नाही, २०१२ मध्ये याच कामासाठी राखलेल्या पट्ट्यातला दिलाय. "म्हणजे बाहेरून माझ्या लॅबमध्ये कुणी येऊ शकत नाही?" सहजासहजी नाही. त्याला वाईट वाटलं, मला बरं.

चहा घेताना नोकरीचं बोलणं निघालं. लॅबमध्ये काय मिळत नाही ते स्पष्टच सांगितलं. घाणेरडं एसएफपी नाही, उंदराने कुरतडलेली केबल नाही, लेबल न लावलेला पॅच पॅनेल नाही, "अर्जंट आहे" म्हणून फोनवर रडणारा ग्राहक नाही. ते नोकरीत आपोआप मिळतं. मुलाखत घेताना मी सर्टिफिकेट बघते, पण प्रश्न एकच विचारते: लॅबमध्ये मुद्दाम काय मोडलंत आणि काय दिसलं? ज्याच्याकडे याचं उत्तर नसतं, त्याने लॅबमध्ये बहुधा व्हिडिओतल्या कमांड उतरवून काढलेल्या असतात.

८.३०

आवराआवर. सहाही राऊटरवर राइट मेमरी. जीएनएस३ मध्ये डॉकरचा कंटेनर असेल तर एफआरआरच्या कॉन्फिगची डिरेक्टरी कायम ठेवायच्या यादीत घालावी लागते, नाहीतर प्रोजेक्ट बंद केला की दिवसभराचं काम गेलं. ती घातली, प्रोजेक्ट बंद करून परत उघडला, कॉन्फिग जागेवर आहे हे बघितलं. बॅकअप परत उघडून पाहिल्याशिवाय तो बॅकअप नसतो.

भाच्याची एसटी स्वारगेटहून साडेदहाची. तो बॅग भरायला गेला तेव्हा मी प्रोजेक्ट उघडून सांगलीवर कोल्हापूरकडच्या १७२.१६.४५ च्या इंटरफेसचा मास्क /३० चा /२९ केला, राइट मेमरी केली आणि मग एक्सपोर्ट करून त्याच्या लॅपटॉपवर टाकला. वहीच्या उजव्या पानावर तारीख घातली, खाली जागा कोरी ठेवली. पिंग जाईल, एमटीयू दोन्हीकडे १५००, लहान-मोठं कुठलंही पॅकेट अडणार नाही. पण इथरनेटवर ओएसपीएफ हॅलोमधला मास्क जुळवून बघतं, आणि या वेळी नेबर एक्सस्टार्टपर्यंतसुद्धा येणार नाही. यादीत त्याचं नावच दिसणार नाही.